सांगण्याचे कसले पैसे? व्हिडिओ कॉलवरची दुरुस्ती आणि ज्ञानाची जात

वकिलाने सल्ला दिला तर त्याची फी असते. डॉक्टरने फोनवर गोळीचे नाव सांगितले तर त्याची फी असते. भटजीने पंचांग पाहून मुहूर्त काढून दिला तर दक्षिणा असते. या तिघांनीही हाताने काहीच केलेले नसते, फक्त सांगितलेले असते. पण वायरमनने व्हिडिओ कॉलवर अर्धा तास घालवून तुमचा बंद पडलेला कूलर तुमच्याच हातून सुरू करून दिला, तर तुम्ही म्हणता, ‘नुसतं सांगितलंच ना भाऊ, त्याचे कसले पैसे?’

हा प्रश्न आम्ही गेली काही वर्षे ऐकत आहोत. विचारणारे सगळेच वाईट लोक नसतात. बरेचसे सज्जन असतात, चहा पाजणारे असतात, आमच्या मुलांची चौकशी करणारे असतात. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे. कारण हा प्रश्न शे-दीडशे रुपयांचा नाही. कोणाच्या डोक्यात असलेल्या गोष्टीला ‘ज्ञान’ म्हणायचे आणि कोणाच्या डोक्यातल्या गोष्टीला ‘सवय’ म्हणून मोकळे व्हायचे, याचा हा प्रश्न आहे.

आम्ही म्हणजे नागपुरातले पाच जण. दोघे वायरमन, एक प्लंबर, एक फ्रिज-एसी मेकॅनिक आणि एक इलेक्ट्रिशियन ताई. सगळे आयटीआय केलेले, सगळे उत्तर नागपुरातल्या आंबेडकरी वस्त्यांत वाढलेले. काम वेगवेगळे, पण फोन नंबर एकच. गिऱ्हाईक ज्या कामासाठी फोन करेल त्या कामाचा माणूस बोलतो.

व्हिडिओ कॉल आमच्या धंद्यात आला तो टाळेबंदीत. २५ मार्च २०२० रोजी देश बंद झाला आणि नागपूरचा उन्हाळा सुरू झाला. त्याच तारखेला केंद्र सरकारने डॉक्टरांसाठी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दुरून तपासण्याला मान्यता मिळाली आणि फीच्या बाबतीत हा सल्ला प्रत्यक्ष तपासणीसारखाच धरावा, असेही त्यात लिहिले गेले. योग्यच झाले. वायरमन-प्लंबरसारख्या स्वयंरोजगारी कारागिरांना २० एप्रिलपासून काम करायची सवलत मिळाली, तीही प्रतिबंधित क्षेत्रे वगळून. तोपर्यंत लोकांनी आम्हाला व्हॉट्सअॅपवर कॅमेरा धरून नळ, बोर्ड, पंप दाखवायला सुरुवात केली होती. आम्ही सांगत होतो, लोक करत होते. संकटाचा काळ होता, आम्ही एक रुपयाही मागितला नाही. पण संकट सरले तरी कॉल सरले नाहीत. डॉक्टरचा दुरून दिलेला सल्ला ‘कन्सल्टेशन’ झाला आणि आमचा दुरून दिलेला सल्ला ‘भाऊ, जरा पाहा ना’ एवढाच राहिला.

आता हे ‘नुसतं सांगणं’ म्हणजे काय असते ते पाहू.

समजा घरातली लाइट वारंवार जाते. गिऱ्हाईक म्हणते, ‘एमसीबी पडते.’ कॅमेरा बोर्डावर धरायला सांगितला की दिसते, पडते ती एमसीबी नाही, आरसीसीबी आहे. दोन्हींत मोठा फरक आहे. एमसीबी पडली तर लोड जास्त आहे किंवा शॉर्ट आहे. आरसीसीबी पडली तर करंट कुठेतरी गळतो आहे, म्हणजे माणसाला शॉक बसण्याची शक्यता आहे. घरगुती आरसीसीबी साधारणपणे ३० मिलीअॅम्पिअरची असते. तेवढी गळती झाली की ती पडते आणि जीव वाचतो. मग आम्ही सगळ्या एमसीबी खाली करायला लावतो, आरसीसीबी वर करायला लावतो आणि एकेक एमसीबी चढवायला सांगतो. जी चढवताच आरसीसीबी पडते, त्या लाइनवर दोष. मग त्या लाइनवरचे प्लग एकेक करून काढायचे. शेवटी गिझर किंवा कूलरच्या पंपापर्यंत पोहोचतो. यात आमचा हात कुठेच लागलेला नाही. पण चार मजले चढून आलो असतो तरी हेच केले असते.

उलट हात लावता येत नाही म्हणून काम जास्त कठीण होते. फोनवर वास येत नाही. म्हणून विचारावे लागते, ‘काकू, जळल्याचा वास येतो का? प्लॅस्टिकसारखा की केसांसारखा?’ मोटरचा आवाज ऐकायचा तर व्हिडिओ कॉल दगा देतो, कारण एकसारखी चालणारी घरघर गोंगाट समजून तो दाबून टाकतो. म्हणून कॉल बंद करून मोटरजवळ धरलेला वेगळा व्हिडिओ मागवावा लागतो. सिंकखालच्या बाटलीसारख्या ट्रॅपचे झाकण उघडायचे तर ‘घड्याळाच्या उलट फिरवा’ म्हणून भागत नाही. वाकून खाली हात घातलेल्या माणसाची दिशा उलटी होते आणि तो नट अजूनच आवळून बसतो. म्हणून सांगावे लागते, ‘झाकण खालून तुमच्याकडे बघतंय असं समजा, आता बाटली उघडता तसं उघडा.’ एका हातात फोन धरून कोणाला स्क्रू काढता येत नाही, म्हणून आधी फोन डब्याला टेकवून ठेवायला शिकवावे लागते. ज्याला कामाची नावे माहीत नाहीत त्याच्याशी नावांशिवाय बोलावे लागते. याला आम्ही शिकवणे म्हणतो. शिकवण्याचे पैसे मास्तरांना मिळतात, कोचिंग क्लासवाल्यांना तर भरपूर मिळतात.

मग आमच्याच बाबतीत प्रश्न का पडतो?

कारण आपल्या समाजाने काम आणि ज्ञान यांची फारकत केली आहे, आणि ती जातीने केली आहे. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मुद्दा मांडला होता की जात म्हणजे केवळ श्रमांची वाटणी नव्हे, ती श्रमिकांचीच वाटणी आहे, आणि त्या वाटणीत एकाची पायरी दुसऱ्याच्या खाली आहे. वरच्या पायरीवरचा माणूस सांगतो, खालच्या पायरीवरचा करतो. सांगणाऱ्याला मान आणि मोबदला, करणाऱ्याला पोटापुरते. हजारो वर्षे हेच शिकवलेल्या समाजापुढे अचानक ‘करणारा’ माणूस पडद्यावर येतो, हाताची घडी घालून बसतो आणि ‘सांगतो’. समोरच्याची गडबड होते. याला सांगण्याचा अधिकार आहे, हेच त्याच्या मनाला पटत नाही. म्हणून तो म्हणतो, कसले पैसे?

कारागिरीतही आम्हाला सहज शिरू दिले नव्हते, हे विसरता येत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत आपली माणसे हजारोंनी होती, पण जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. कारण तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा इतर कामगारांना चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. तिथे त्यांनी आणखी एक गोष्ट उघड केली. रेल्वेत आपल्या माणसाला गँगमन म्हणून उन्हातान्हात ठेवत, पण पोर्टर म्हणून घेत नसत. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत, आणि घरात विटाळ नको होता.

घरात विटाळ नको. हे शब्द आता कोणी उच्चारत नाही. पण घराचा उंबरठा आजही आहे, आणि व्हिडिओ कॉलने त्याचे दोन्ही अर्थ आमच्यासमोर आणून ठेवले आहेत.

एक अर्थ चांगला आहे. सिंकचा ट्रॅप तुंबला की पूर्वी आम्हाला बोलावले जायचे. आम्ही खाली बसून हाताने तो सडका गाळ काढायचो आणि घरचे लोक नाकाला रुमाल लावून लांब उभे राहायचे. आता तेच लोक स्वतः बादली लावतात, झाकण उघडतात, आपल्याच ताटातले आठ दिवसांपूर्वीचे अन्न आपल्याच बोटांनी बाहेर काढतात. पहिल्यांदा ‘शी’ म्हणतात. मग हात धुतात आणि हसतात. एका निवृत्त अधिकाऱ्याने कॉलवर आम्हाला विचारले होते, ‘हे तुम्ही रोज करता?’ हो साहेब, रोज करतो. आपली घाण आपण काढली की घाण काढणाऱ्याबद्दलची घाण मनातून थोडी निघते. दहा भाषणांनी न होणारे काम कधी कधी एक तुंबलेला ट्रॅप करतो.

याहून मोठी गोष्ट चेंबर आणि सेप्टिक टँकची. संडास तुंबला की अजूनही विचारणा होते, ‘कोणी उतरणारा माणूस आहे का?’ उतरणारा माणूस कोणत्या वस्तीतून शोधला जातो हे वेगळे सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या कामगाराच्या वारसांना द्यायची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तरी माणसे उतरवली जातात. अशा वेळी आम्ही गिऱ्हाइकाला झाकण जरा सरकवून, तोंड बाजूला ठेवून, लांबूनच कॅमेरा धरायला सांगतो. काडी पेटवू नका, बिडी-सिगारेट जवळ आणू नका, आत वाकू नका. पाणी किती वर आहे, चेंबर भरले आहे की पुढची पाइप अडली आहे, हे बऱ्याचदा पडद्यावर कळते. मग सांगतो, माणूस नाही, सक्शनची गाडी बोलवा. फोनमुळे एक माणूस गटाराबाहेर राहिला तर त्या फोनला आमचा सलाम आहे.

पण तोच फोन माणसाला घराबाहेरही ठेवू शकतो. हा दुसरा अर्थ.

‘आत यायची गरज नाही, तिथूनच सांगा’ हे वाक्य साथीच्या काळात आरोग्यासाठी होते. आता काही जणांना ते वेगळ्याच कारणासाठी सोयीचे वाटते. कॉलवर पहिला प्रश्न ‘काय बिघडलंय’ याबद्दल नसतो, ‘आडनाव काय तुमचं?’ हा असतो. आणि व्हिडिओ दोन्ही बाजूंनी दिसतो. आम्हाला तुमचा बोर्ड दिसतो, तुम्हाला आमची भिंत दिसते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. ते दिसल्यावर काही जणांचा आवाज बदलतो. एका बाईंनी ‘नंतर करते’ म्हणून फोन ठेवला, तो पुन्हा आलाच नाही. काही हितचिंतकांनी सुचवले की मागे कोरा पडदा लावा, धंद्याला बरे पडेल. आम्ही पाचही जणांनी बसून यावर विचार केला आणि ठरवले की फोटो तिथेच राहील. ज्याला आमचे ज्ञान हवे आहे त्याला ते जिथून आले ती भिंतही पाहावी लागेल. बाबासाहेबांचा फोटो झाकून कमावलेल्या पैशाने घरात कोणता उजेड पडणार?

आमच्या ताईंचा अनुभव आणखी वेगळा. अनोळखी घरी एकट्या बाईने दुरुस्तीला जायचे म्हणजे आधी स्वतःच्या सुरक्षेचा विचार करावा लागतो. त्यामुळे पूर्वी त्यांची कामे ओळखीच्या घरांपुरतीच असायची. व्हिडिओ कॉलमुळे त्या शहराच्या कोणत्याही टोकाला बोलू शकतात. पण पडद्यावर बाई दिसली की समोरून येते, ‘मॅडम, मेकॅनिकला द्या ना फोन.’ ताई शांतपणे म्हणतात, ‘मीच आहे, बोर्ड दाखवा.’ पाच मिनिटांत दोष सापडतो. घरातल्या बायका मात्र त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात आणि लवकर शिकतात. ज्या हातांना आयुष्यभर सांगितले की वीज हे तुमचे काम नाही, ते हात स्वतः बंद पडलेला मिक्सर तपासतात. एकीकडे स्त्रीने ज्ञान देणे समाजाला पटत नाही, दुसरीकडे ते घेणारी स्त्री पुढे जाते. दोन्ही गोष्टी एकाच कॉलवर घडतात.

आमच्याच धंद्यातले काही मित्र आम्हाला म्हणतात, ‘तुम्ही गिऱ्हाइकाला शिकवून आपल्याच पोटावर पाय देऊन राहिले. सगळं त्यांनाच यायला लागलं तर आपल्याला कोण बोलावणार?’ मित्रहो, हा आक्षेप खरा आहे, भीतीही खरी आहे. पण विचार करा. ज्ञान कोंडून ठेवून आपली किंमत वाढवायची, ही रीत कोणाची आहे? ज्यांनी शतकानुशतके ज्ञान कोंडले त्यांच्यामुळे आपण बाहेर राहिलो. आता आपल्या हाती चार गोष्टी आल्यावर आपणही दार लावून घ्यायचे का? बॉलकॉकचा वॉशर बदलणे, कूलरच्या पंपाची जाळी साफ करणे, वॉशिंग मशीनच्या पाइपमधली गाळणी धुणे ही कामे प्रत्येक घराला आली पाहिजेत. ज्ञान द्यायचे, पण फुकट समजू द्यायचे नाही. मास्तर शिकवतो म्हणून त्याची नोकरी जात नाही, उलट त्यामुळेच टिकते.

शिवाय काही कामे फोनवर होत नाहीत आणि होऊ नयेत. कुठे थांबायचे हे कळणे, हाच कारागिरीचा मोठा भाग आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात. लोखंडी बॉडी, ओली फरशी, दोन पिनांचा प्लग आणि अर्थिंग नाही, एवढे पुरेसे असते. म्हणून आम्ही कॉल सुरू होताच सांगतो, ‘स्विच बंद केला म्हणजे झालं असं नाही. प्लग काढा.’ दोन पिनांचा प्लग उलटा लागला असेल तर स्विच बंद असूनही आत करंट असू शकतो. कूलर अंगाला झिणझिण्या देतो असे कोणी म्हटले की आम्ही एकही स्क्रू उघडायला सांगत नाही, प्लग काढून ठेवायला सांगतो आणि स्वतः जातो. गॅसचा वास येत असेल तर दुरुस्तीचे बोलणेच नाही. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, कोणत्याही बटणाला हात लावू नका, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. मीटर आणि त्याच्या अलीकडची लाइन वीज कंपनीची, तिथे कोणीच हात घालायचा नाही. जो माणूस ‘थांबा’ म्हणू शकतो त्याच्याकडे ज्ञान आहे. व्हिडिओ पाहून सगळे करून टाका म्हणणाऱ्या बाजारात या ‘थांबा’ची किंमत सर्वांत जास्त आहे.

आता या कामात कंपन्याही उतरल्या आहेत. एका कंपनीने आम्हाला प्रत्येक कॉलमागे ठरावीक रक्कम देऊ केली होती. अट अशी की प्रत्येक कॉल रेकॉर्ड होईल आणि ते रेकॉर्डिंग कंपनीचे असेल, ‘ट्रेनिंगसाठी’. कोणाचे ट्रेनिंग, विचारले. उत्तर मिळाले नाही. आम्ही नकार दिला. वीस वर्षांत हातात मुरलेले ज्ञान शंभर कॉलमध्ये काढून घ्यायचे आणि नंतर तेच मशीनच्या तोंडून गिऱ्हाइकाला विकायचे, तर मालक कोण आणि मजूर कोण हे पुन्हा एकदा ठरून जाते. पूर्वी आमच्याकडून फक्त अंगठा घेतला जायचा. आता अंगठ्यामागचे कसबही हवे आहे.

कायद्याची स्थिती पाहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या आहे. अॅग्रिगेटर कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी अशी तरतूदही आहे. पण कॉलच्या रेकॉर्डिंगमधून जाणाऱ्या ज्ञानाचा हिस्सा कामगाराला मिळेल, असे त्यात कुठेही नाही. तासांचाही प्रश्न आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कारखान्यातला आठवडा ४८ तासांचा झाला. फोनला भोंगा नसतो. रात्री साडेदहालाही तो वाजतो आणि समोरचा म्हणतो, ‘दोनच मिनिटं.’ अशा दोन-दोन मिनिटांनीच आपल्या आजोबांचे दिवस खाल्ले होते.

म्हणून आम्ही आमचे नियम केले आहेत आणि ते कॉलच्या आधीच सांगतो. अर्ध्या तासाच्या कॉलची फी १५० रुपये. प्रत्यक्ष यावे लागले तर ती फी कामाच्या बिलातून वजा. फोनवर काम झाले नाही तरी फी लागेल, कारण दोष कुठे आहे हे तर कळले. डॉक्टरही ताप उतरल्यावर पैसे घेत नाही. कॉलची वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ६. आग, शॉक, पाणी फुटले तर कधीही. आमच्या परवानगीशिवाय रेकॉर्डिंग नाही. फोनवर काय करायचे नाही हे आम्ही ठरवणार. ज्याची ऐपत नाही त्याला फुकट सांगू, पण तो आमचा निर्णय असेल, कोणाचा हक्क नव्हे. दान आणि वेठ यात हाच फरक असतो.

या नियमांमुळे काही गिऱ्हाइके तुटली. जी उरली ती नावाने हाक मारतात, वेळ विचारून फोन करतात आणि काम झाल्यावर सांगायच्या आत पैसे पाठवतात. त्यातली काही सवर्ण आहेत, काही आपली आहेत. आणि हे सांगायला हवे की फुकट मागण्यात आपलीही माणसे मागे नाहीत. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून आपल्याच कारागिराचे पैसे बुडवणारे घर जयंतीला हजारोंची वर्गणी देते, तेव्हा बाबासाहेबांचा कामगारविषयक विचार त्या घरात पोहोचला असे आम्ही मानत नाही.

आपल्या मुलांनी शिकावे, वकील-डॉक्टर-अधिकारी व्हावे. पण जे पाना-टेस्टर हातात घेतात तेही शिकलेलेच आहेत, हे आपण आधी मानले पाहिजे, तर इतरांकडून मानून घेता येईल. पुढच्या वेळी तुम्ही नळ दाखवायला कोणाला व्हिडिओ कॉल कराल तेव्हा दोनच प्रश्न विचारा. ‘आत्ता वेळ आहे का?’ आणि ‘तुमची फी किती?’ आडनाव विचारू नका.

जयभीम!